अख्खा कॉलम

मंगळवार, रात्री

पैसे भरून झाले, गाडी दारात आली आणि स्टिअरिंग पुन्हा एका हाताने फिरू लागले, तरी आज दिवसभर माझे मन कशातच लागलेले नाही. संध्याकाळी आई म्हणाल्या, "झालं न्हवं आता नीट? मग तोंड का उतरलंय?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून लिहायला बसले आहे.

खर्च मोठा झाला हे खरेच आहे. 41,000 रुपये ही काही आमच्या घरात सहज बाजूला काढता येणारी रक्कम नाही, आणि ती गच्चीच्या गळतीसाठी राखून ठेवलेल्या पैशांतूनच गेली. पण पैसे गेल्याचे दुःख माझ्या ओळखीचे आहे. तसे झाले की मी हिशेब मांडते, कुठे हात आखडायचा ते ठरवते आणि निवांत झोपते. या वेळी हिशेब मांडून झाला, गच्चीचे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलून झाले, तरी आत काहीतरी टोचतच राहिले आहे.

घडले ते एवढेच. फिजिओथेरपी संपवून आईंना घेऊन निघाले होते आणि मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद बोळात गाडी वळवून घेत असताना समोर पिवळा दिवा लागला: स्टिअरिंगचे चित्र आणि त्याच्याशेजारी उद्गारचिन्ह. त्याच क्षणी स्टिअरिंग इतके जड झाले की दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे ते पाव फेरा फिरले. एका अंगाला भिंत होती, दुसऱ्या अंगाला कुणाची तरी मोटारसायकल. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांना काही कळले नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले तर दिवा गेला आणि स्टिअरिंग हलके झाले. रंकाळ्याच्या बाजूला वळताना तो पुन्हा लागला. खांदे दुखले ते नंतर, घरी आल्यावर.

असे का होते ते मी समजून घेतले. आमच्या गाडीचे स्टिअरिंग विजेवर चालते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार असतो, आपण चाक फिरवले की तो किंचित पिळला जातो, तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो आणि त्या मापावरून छोटा संगणक चाक फिरवायला मदत करणाऱ्या विजेच्या मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवतो. गाडी हळू असेल तर मदत जास्त मिळते, वेग वाढला की कमी होते. सेन्सरकडून संदेश दोन वाटांनी येतात, आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर संगणक मदत देणेच थांबवतो, कारण चुकीच्या दिशेने दिलेली मदत ही मुळीच मदत नसण्यापेक्षा कितीतरी घातक ठरेल. चाक मात्र अडकत नाही. दांडा आणि पुढची चाके यांची पोलादी जोड कायम असते. तरीही ते जुन्या, बिनपॉवरच्या गाड्यांपेक्षा जड लागते, कारण त्याची रचना मदत मिळणार असे धरूनच केलेली असते आणि बंद पडलेली मोटारही आपल्यालाच फिरवावी लागते. हे वाचल्यावर त्या बोळातली भीती पुष्कळशी उतरली. तेव्हा आता जे टोचते आहे ते भीतीचे नाही, एवढे तरी नक्की म्हणता येईल.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न आला, "मॅडम, गाडी पुरात होती काय?" ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 नंतर कोल्हापुरात गाडीच्या विजेचे काहीही बिघडले तरी हा प्रश्न येतोच, आणि तो योग्यच आहे, पायाखालच्या गालिच्यापर्यंत पाणी आले की कनेक्टर आतून गंजत जातात. पण आमची गाडी पुरात कधीच नव्हती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकले की आम्ही ती कुंभार गल्लीतून काढून राजारामपुरीच्या चढावर नेऊन लावतो, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट पाहत नाही. त्यांनी स्कॅनर लावला, बॅटरी पाहिली, अर्थिंगची वायर पाहिली, फ्यूज पाहिला. सगळे ठीक होते. दोष टॉर्क सेन्सरमध्ये निघाला. मी विचारले, "मग सेन्सर बदलून द्या." त्या मुलाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मॅडम, सेन्सर सुटा येत नाही. अख्खा कॉलमच येतो."

बोलताना तो सारखा ह्यांच्याकडे बघत होता. तो विषय आज नको.

अख्खा कॉलम म्हणजे मोटार, तिचे गिअर, दांडा, टॉर्शन बार आणि सेन्सर, सगळे मिळून एक. अंदाजपत्रकात कॉलम, मजुरी आणि त्यांवर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक सुट्या भागांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला नसता तर आकडा आणखी वर गेला असता, अशी ह्यांनी समजूत घातली. विम्याचा प्रश्नच नव्हता. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात, आणि नऊ वर्षांच्या गाडीला वॉरंटी कुठली.

मी थेट शिवाजी उद्यमनगरात मेस्त्रींकडे गेले.

मला जे लिहायचे आहे ते इथून सुरू होते असे वाटते. उद्यमनगर म्हणजे माझ्या लेखी दुरुस्तीचे गाव. विहिरींवरची ऑइल इंजिने इथे तयार झाली, ओतकामाच्या भट्ट्या इथे पेटल्या, आणि पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला वाढलेल्या फाउंड्र्यांमधून आज वाहन कंपन्यांना कास्टिंग जाते. त्या गल्लीत शिरल्यावर येणारा कूलंटचा आणि तापल्या लोखंडाचा वास मला लहानपणापासून माहेरचा वाटतो. आबा लेथवर उभे असायचे, आणि मी... असो.

आमच्या आधीच्या गाडीचे स्टिअरिंग तेलावर चालायचे. बिघडणार असले की ते आधी सांगायचे: चाक पूर्ण वळवले की पंप कण्हायचा, डब्यातले तेल उतरायचे, सकाळी फरशीवर लालसर डाग दिसायचा. मेस्त्रींनी त्याचा पाइप बदलला होता, सीलचे किट घालून दिले होते, पट्टा ताणून दिला होता, आणि प्रत्येक वेळी निकामी भाग माझ्या हातात ठेवून "हे बघा, हितनं गळत हुतं" असे दाखवले होते. बिल देताना आपण कशाचे पैसे देतो आहोत हे मला ठाऊक असायचे. तेच मेस्त्री या वेळी मल्टिमीटर घेऊन वाकले, इंजिन चालू ठेवून व्होल्टेज पाहिले, ते 14 च्या आसपास भरले, स्टिअरिंगखाली हात घालून कनेक्टर काढून पुन्हा बसवला, आणि उठून हात पुसत म्हणाले, "ताई, ह्यो कॉलम मी खोलत न्हाई."

मी तेव्हा काही बोलले नाही. तपासणीचे पैसे द्यायला लागले तर त्यांनी घेतले नाहीत, आणि त्याने मला जास्तच वाईट वाटले. घरी येऊन ओट्याशी उभी असताना रडू आले. मनात आले की आता आपल्या घरातली एकही वस्तू आपल्याला कळत नाही, एकही वस्तू आपल्या माणसांच्या हाताने उघडत नाही, आणि आपले काम केवळ पैसे भरण्याचे उरले आहे. फोनची बॅटरी काढता येत नाही, वॉशिंग मशीनचे अख्खे कार्ड बदलावे लागते, आणि आता हे. ज्या गावाने अर्ध्या महाराष्ट्राच्या विहिरींवर इंजिने बसवली, त्या गावात एक सेन्सर बदलता येऊ नये? आणि मेस्त्रींनी, मेस्त्रींनी "खोलत न्हाई" म्हणावे?

पुढचे काही दिवस फोनाफोनीत गेले. अपघातातल्या गाडीचा जुना कॉलम मुंबईला कुर्ल्यात मिळू शकतो असे कुणी सांगितले. पुण्यात असे कॉलम उघडून दुरुस्त करून देणारे आहेत, असेही कळले. दोन्हींत निम्म्याहून अधिक पैसे वाचले असते. मी मेस्त्रींना फोन करून विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही आईंना घिऊन फिरता. ब्रेक आणि स्टिअरिंग, ह्या दोन गोष्टींत जुनं घिऊ नका." मग सर्व्हिस सेंटरला नवीन कॉलम बसवायला सांगितले. एक अट मात्र घातली: काढलेला जुना कॉलम मला परत द्यायचा. त्यांनी तो खोक्यात घालून दिला. बराच जड होता.

आज सकाळी ते खोके घेऊन मी पुन्हा उद्यमनगरात गेले. मेस्त्रींना म्हणाले, "आता हा गाडीत बसवायचा नाही. आता तरी खोलाल का?" ते हसले, पोराला हाक मारून वस्तू घट्ट धरणारा व्हाइस मोकळा करायला सांगितला आणि स्वतःच बसले.

अॅल्युमिनियमचे घर उघडले तेव्हा आत पिवळट ग्रीस होते, बोटाने बाजूला सारावे इतके दाट, आणि त्याखाली प्लास्टिकच्या दात्यांचे मोठे चाक, त्याला टेकलेला पोलादी वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर. मेस्त्रींनी चिंधीने एकेक दाता पुसून उजेडात फिरवला. एकही झिजलेला नव्हता. मोटारीला बॅटरीच्या वायरी लावल्या तर ती अडखळल्याशिवाय फिरली. बेअरिंगला आवाज नव्हता. मग त्यांनी माझ्या करंगळीहून बारीक टॉर्शन बार दाखवला आणि त्याच्याभोवती बसलेला सेन्सर, त्यातली छोटी पट्टी, तिच्यावर नखाएवढे काळे चिप. "एवढंच," ते म्हणाले. एवढ्यासाठी अख्खा कॉलम. मला वाटले होते की ते पाहिल्यावर राग येईल, आणि तो आलाही.

पण त्याच वेळी मेस्त्री जे बोलले ते मी इथे जसेच्या तसे लिहून ठेवते. "खोलायला काय, कायबी खोलतो मी ताई. पण टॉर्शन बार आणि सेन्सरचं शून्य कारखान्यात जुळवून येतंय. ते जुळवायचं मशीन माझ्याकडं न्हाई. अंदाजानं बसवलं आणि उद्या पन्हाळ्याच्या घाटात गाडी आपोआप एका अंगाला वढाय लागली तर? खोलून परत तुमच्या हातात द्यायचं धाडस मला न्हाई, म्हणून न्हाई म्हटलं."

त्यांचे "खोलत न्हाई" मी गेले इतके दिवस हार म्हणून ऐकत होते. मला वाटत होते की उद्यमनगर हरले, आबांचे उद्यमनगर, आणि त्या हरण्याचे 41,000 रुपये मी भरले. प्रत्यक्षात त्या माणसाने आपल्या मापाच्या बाहेरचे काम ओळखले आणि पैसे न घेता मला परत पाठवले. आबाही मापात न बसणारा जॉब परत करायचे. गिऱ्हाईक चिडले तरी करायचे. हे मला आज व्हाइससमोर उभी असताना आठवले, आणि त्या जागी थोडे हलके वाटले. पुरते नाही. मेस्त्रींबद्दलची खंत गेली आहे, कंपनीबद्दलची अजून आहे, आणि ती राहावी असेच मला वाटते, कारण तिच्यात तथ्य आहे. चांगले दाते, चांगली मोटार, चांगले बेअरिंग आज भंगारात जमा झाले असते. सेन्सर जुळवण्याचे यंत्र आमच्या मेस्त्रींना परवडणार नाही हे मान्य. पण टॉर्शन बारसकट जुळवून आलेला दांड्याचा तुकडा सुटा विकायला काय हरकत आहे? मोटार आणि चाक तेच ठेवून तेवढाच भाग बदलता येईल अशी रचना करणे, जे लोक हाताचा पीळ मोजणारे यंत्र बनवतात त्यांना अशक्य असेल असे मला वाटत नाही.

मोटार मेस्त्रींनी मागून घेतली. त्यांच्या पोराला तिचे काहीतरी करून बघायचे आहे. ग्रीस लागलेले दात्यांचे चाक मी घरी आणले, ते आईंनी वर्तमानपत्रावर ठेवायला लावले आणि बराच वेळ फिरवून पाहिले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे, आणि त्यात घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारगाड्याही आहेत. ते मी जेवणानंतर वाचून काढले. उद्या कंपनीला पत्र लिहिणार आहे. त्यात गाडीचे वर्ष, स्कॅनरने दाखवलेला दोष, अंदाजपत्रकाची प्रत आणि आज काढलेले आतल्या भागांचे फोटो जोडीन, आणि एकच प्रश्न विचारीन: सेन्सर आणि टॉर्शन बार मिळून सुटा भाग का मिळत नाही? ह्यांचे म्हणणे की उत्तर येणार नाही. कदाचित येणारही नाही. मसुदा आईंना वाचून दाखवला तर त्यांनी त्यात एक वाक्य घालायला सांगितले, की गाडीत पाठीमागे 78 वर्षांचे माणूस बसलेले होते. ते घातले आहे.