फ्रीबीएसडीवरच्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा : घरच्या सर्व्हरवरील कामाची नोंद

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बेस सिस्टिम (सिस्टिमचा मूळ भाग) आणि पोर्ट्स (बाहेरच्या सॉफ्टवेअरचा संग्रह) यांची व्यवस्था वेगवेगळी आहे. बेस सिस्टिमची दुरुस्ती फ्रीबीएसडी-अपडेट या आज्ञेने येते. एनजिनएक्स, फायरफॉक्स, पायथन असे बाहेरचे सगळे मात्र पीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकाने बसते आणि पीकेजीनेच दुरुस्त होते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा या विभागणीचा अर्थ स्पष्ट झाला होता. फ्रीबीएसडी ९.२ च्या बेसमधले ओपनएसएसएल ०.९.८ मालिकेतले असल्याने त्याला धोका नव्हता, पण त्याच यंत्रावर पोर्ट्समधून १.०.१एफ बसवले असेल, तर त्यावर चालणारी सेवा उघडी पडत होती. म्हणून एखाद्या त्रुटीची बातमी आली की मी आधी एवढेच पाहतो, की चालू असलेला प्रोग्रॅम त्या लायब्ररीची नेमकी कोणती प्रत वापरत आहे. या वेळचे सगळे काम त्याच एका प्रश्नाभोवती झाले.

पीकेजी ऑडिट -एफ ही आज्ञा ज्ञात त्रुटींची व्हल्नएक्सएमएल नावाची यादी उतरवून घेते आणि बसवलेल्या पॅकेजांची नावे व आवृत्ती तिच्याशी ताडून पाहते. मुख्य यंत्रावर दिलेली ही आज्ञा जेलच्या (त्याच यंत्रावरच्या वेगळ्या, बंदिस्त विभागाच्या) आत डोकावत नाही, कारण प्रत्येक जेलची पॅकेजे स्वतंत्र असतात. तेथे पीकेजी -जे देऊन जेलचे नाव सांगावे लागते. रोजच्या सुरक्षा तपासणीत जेलचाही समावेश व्हावा यासाठी पिरिऑडिक या ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या व्यवस्थेच्या मांडणीत तशी सोय आहे आणि ती मी आता सर्व जेलसाठी चालू केली आहे. छायाचित्रांच्या जेलमध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीची एक जुनी आवृत्ती मागे राहिली होती, ती यामुळेच समोर आली.

लिबवेबपीचे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला दिलेला सार्वजनिक क्रमांक) जाहीर झाले तेव्हा त्याचे वर्णन क्रोममधील त्रुटी असे होते. प्रत्यक्षात दोष लायब्ररीतच होता : विनाहानी वेबपी चित्राची हफमन कोष्टके (चित्र उलगडण्यासाठी लागणारी) बांधताना, मुद्दाम बिघडवलेल्या चित्रामुळे, राखून ठेवलेल्या मेमरीच्या पलीकडे लिहिले जात असे. दुरुस्ती १.३.२ मध्ये आली. ज्यांनी फक्त ब्राउझर अद्ययावत केला, त्यांच्याकडे चित्रांची लघुरूपे तयार करणारे इतर प्रोग्रॅम तसेच राहिले. कोणती पॅकेजे या लायब्ररीला जोडलेली आहेत हे पीकेजी एसएचलिब या आज्ञेने कळते. घरच्या यादीत मला अपेक्षित नसलेली नावेही निघाली.

पॅकेज बदलल्याने काम पुरे होत नाही. आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते आणि पीकेजी ऑडिट मात्र सर्व ठीक असल्याचे सांगते. यासाठी मी एक लहान शेल स्क्रिप्ट लिहिली आहे. पॅकेज केव्हा बसले ते पीकेजी क्वेरीने काढायचे, प्रोसेस केव्हा सुरू झाली ते पीएसने काढायचे आणि प्रोसेस आधीची असेल तर तिचे नाव छापायचे. ही पद्धत काही सेवांची नावे विनाकारणही देते, पण गरज नसताना एखादी सेवा पुन्हा सुरू झाल्याने नुकसान होत नाही.

गो भाषेतल्या प्रोग्रॅमांना हा उपाय लागू पडत नाही. त्यांच्यात लायब्ररी आतच बांधलेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ मधील रॅपिड रीसेट हल्ला, म्हणजे सीव्हीई-२०२३-४४४८७, उघड झाला आणि गोच्या १.२१.३ व १.२०.१० या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. तरीही आधी बांधलेला प्रत्येक प्रोग्रॅम नव्या कंपायलरने पुन्हा बांधावाच लागला. पोर्ट्समधले प्रोग्रॅम अशा वेळी पोर्टरिव्हिजन (पोर्टचा सुधारणा-क्रमांक) वाढवून पुन्हा बांधले जातात, पण स्वतः उतरवून ठेवलेल्या फाइलींकडे कोणी पाहत नाही. गो व्हर्जन -एम या आज्ञेला फाइलचे नाव दिले की ती कोणत्या गोने आणि कोणत्या मॉड्यूलांसह बांधली हे दिसते. माझ्याकडच्या अशा फाइली मी आता एकाच ठिकाणी ठेवल्या आहेत आणि ज्यांचे पोर्ट उपलब्ध आहे त्या काढून टाकल्या आहेत.

सर्वांत रस वाटला तो एका लहान चित्रवाचक प्रोग्रॅमच्या दुरुस्तीत. मूळ लेखकांनी दुरुस्ती केलेली होती, पण नवी आवृत्ती काढलेली नव्हती. त्यांचा पॅच (बदलांची फाइल) पोर्टच्या फाइल्स या फोल्डरमध्ये, नावापुढे पॅच- लावून ठेवला. पहिला भाग सरळ लागला. दुसरा लागेना, कारण मुख्य शाखेत लांबीची तपासणी वेगळ्या फंक्शनमध्ये हलवलेली होती. मूळ कोड वाचून ती तपासणी जुन्या ठिकाणी, शीर्षकातील आकडा वाचल्यानंतर आणि मेमरी मागण्याआधी, हाताने बसवली, पोर्टरिव्हिजन एकने वाढवले आणि पूड्रिएर या पॅकेज बांधणाऱ्या साधनात स्वच्छ जेल घेऊन बांधणी केली.

येथे आवृत्तीच्या क्रमांकांची एक बाब आहे, ती पोर्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी असे मला मनापासून वाटते. समजा, दुरुस्त पॅकेज २.४.०_१ (_१ म्हणजे वाढवलेले पोर्टरिव्हिजन) आहे आणि यादीत २.४.१ पेक्षा कमी असे सर्व धोकादायक म्हणून नोंदले आहे, तर दुरुस्ती होऊनही पीकेजी ऑडिट इशारा देतच राहील. त्यामुळे व्हल्नएक्सएमएलमधील नोंदीची मर्यादा २.४.०_१ पेक्षा कमी अशीच असायला हवी. क्रमांकांची तुलना पीकेजी व्हर्जन -टी देऊन करता येते आणि नोंद लिहून झाल्यावर ती तपासण्यासाठी मेक व्हॅलिडेट चालवता येते. मी दोन्ही केले.

पॅच आणि पूड्रिएरची बांधणी-नोंद बगझिला या फ्रीबीएसडीच्या त्रुटी-नोंदणी व्यवस्थेवर पाठवली आहे. पोर्टच्या देखभालकर्त्याची मान्यता मिळून दुरुस्ती चालू तिमाही शाखेत (दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या पोर्ट्सच्या संचात) येईपर्यंत हे पॅकेज माझ्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून चालेल, आणि अधिकृत पॅकेजने ते परस्पर बदलले जाऊ नये म्हणून त्याला पीकेजी लॉक लावले आहे.