रिसेट हार्डनंतरच्या तीन फाइल्स

शुक्रवारी संध्याकाळी, गोरेगावच्या ऑफिसात सगळे लोकल गाठायच्या घाईत असताना, टीममधला नवा मुलगा लॅपटॉप उघडा धरूनच माझ्याकडे आला. कोडच्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये टीमचे नवे बदल ओढणारं 'गिट पुल' अडत होतं, कारण त्याच्या लॅपटॉपवरच्या बदलांवर नवं लिहिलं गेलं असतं. टीमच्या सूचनांमध्ये अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं आहे. त्याने तेच केलं. आधी 'गिट रिसेट --हार्ड', जे फाइल्स शेवटच्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या आवृत्तीवर, परत नेतं; मग 'गिट क्लीन -एफडी', जे गिटमध्ये न घातलेल्या फाइल्स उडवतं. पुल झालं आणि तीन दिवसांचं काम गेलं.

गेलेल्या फाइल्स तीन होत्या आणि तिन्हींची गोष्ट वेगळी.

पहिली दुपारी 'गिट ॲड' केलेली, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेली. ॲड करताना फाइलचा मजकूर 'ब्लॉब' म्हणून .गिट/ऑब्जेक्ट्समध्ये लिहिला जातो, कमिट नसली तरी. हार्ड रिसेट इंडेक्समधली, म्हणजे पुढच्या कमिटच्या यादीतली, नोंद पुसतो, ब्लॉब नाही. रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, शोधून उपयोग नव्हता, तिथे कमिटच दिसतात. 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवलं की असे बेवारस ब्लॉब .गिट/लॉस्ट-फाउंड/अदर या फोल्डरमध्ये येतात. पण फाइलचं नाव ब्लॉबमध्ये नसतं, नुसता ४० अक्षरांचा हॅश, मजकुरावरून काढलेला कोड. म्हणून हरवलेल्या फाइलमधल्या, दंडाची रक्कम काढणाऱ्या फंक्शनचं नाव ग्रेप केलं, म्हणजे सगळ्या ब्लॉबमध्ये शोधलं. दोन ब्लॉब निघाले, एक अर्धवट आणि एक पूर्ण. घाई नव्हती, कारण न जोडलेले ऑब्जेक्ट गिट साधारणपणे दोन आठवडे ठेवतं. दुपारी ॲड केल्यानंतरचे बदल मात्र त्यात नव्हते, ते त्याने आठवून पुन्हा केले.

दुसरी फाइल जुनीच होती, बदल केलेली पण ॲड न केलेली. गिटने ते बदल कधी पाहिलेच नव्हते, मग परत कुठून देणार? वाचवलं व्हीएस कोड या एडिटरने. मार्च २०२२ च्या १.६६ आवृत्तीपासून त्यात लोकल हिस्टरी आहे. दर सेव्हला एक प्रत ठेवली जाते, फाइलमागे ५० पर्यंत. एक्सप्लोररच्या खाली टाइमलाइन उघडली, रिसेटच्या आधीची नोंद निवडली, रिस्टोअर केलं. काम दोन मिनिटांचं, आणि टीममध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरी डेटाबेससाठीची नवी एसक्यूएल फाइल. रिसेटने तिला हात लावला नव्हता, अनट्रॅक्ड, म्हणजे कधीच ॲड न केलेली, फाइल तो सोडून देतो. ती 'क्लीन'ने उडवली, आणि टर्मिनलमधून उडवलेलं ट्रॅशमध्ये जात नाही. लिहिली होती विम या एडिटरमध्ये, त्याची तात्पुरती स्वॅप फाइल विममधून बाहेर पडतानाच गेली होती. आम्ही आठपर्यंत शोधलं. नाही मिळाली. 'गिट क्लीन -एनडी' आधी चालवलं असतं तर काय उडणार त्याची यादी समोर आली असती.

मुलाची चूक मी मानत नाही. नव्या माणसाच्या हातात रिसेट हार्ड आणि क्लीन एका दमात देणाऱ्या सीनियरची आहे. सूचनांमधल्या त्याच ओळीत '-एफडी'ला कुणी एक्स जोडला असता तर गिटला इग्नोअर करायला सांगितलेली, पासवर्डसारख्या सेटिंग्जची .ईएनव्ही फाइलही गेली असती. एका फाइलचे बदल टाकायचे असतील तर 'गिट रिस्टोअर' आणि फाइलचं नाव. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून ही कमांड आहे. थोडेच टाकायचे असतील तर त्याला -पी जोडायचा, मग प्रत्येक तुकडा दाखवून विचारतं.

सोमवारी मी ती ओळ बदलली: 'गिट स्टॅश -यू', मग पुल, मग 'गिट स्टॅश पॉप'. स्टॅश बदल बाजूला ठेवतं, पॉप ते परत आणतं. -यू विसरला की नव्या फाइल्स स्टॅशमध्ये जात नाहीत, हेही खाली लिहिलं. ती एसक्यूएल फाइल मुलगा अजून पुन्हा लिहितो आहे.