तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणारे कपडे हाताने कशाला शिवायचे?

सोलापुरात शालेय गणवेशांचे गठ्ठेच्या गठ्ठे मशीनवरून उतरतात आणि देशभर जातात. अशा गावात राहणारी बाई अठराव्या शतकातील इंग्रज स्त्रियांची अंतर्वस्त्रे सुई-दोऱ्याने शिवत बसते, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मशीन असताना हाताने कशाला, आणि तेही कोणाच्या दृष्टीस न पडणारे कपडे? या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते.

त्या काळी वरचा रेशमी झगा सहसा धुतला जात नसे. घाम आणि अंगाचा मळ शोषून घेण्याचे काम अंगालगतच्या शिफ्टचे, म्हणजे गुडघ्याखाली पोहोचणाऱ्या सैल, बाह्या असलेल्या लिननच्या वस्त्राचे होते. शिफ्ट राखेच्या पाण्यात उकळली जाई, बडवली जाई आणि उन्हात पांढरी केली जाई. एवढा मार वर्षानुवर्षे सोसायचा तर शिवण पक्की आणि टाके बारीक असणे भागच होते. झग्याचे कापड मात्र महाग असल्यामुळे तो पुढे उसवून नव्या तऱ्हेने शिवायचा असे, म्हणून त्याचे टाके पुष्कळदा मोठे आणि घाईने घातलेले आढळतात. जिची हातशिलाई पाहण्यासारखी आहे ती वस्तू झग्याच्या आत असते. मी ती शिवते, याचे कारण एवढेच.

शिफ्टमध्ये मला सर्वांत अधिक गोडी आहे ती कापड बेतण्याची. गळ्याचा गोल सोडला तर तिच्यात वळणदार काप जवळजवळ नसतोच. कापडातला एक धागा ओढून काढला की सरळ रेघ मिळते आणि तिच्यावरून कात्री चालवायची. खांद्याच्या बाजूने उतरत्या निघालेल्या तिरक्या कळ्या, म्हणजे लांबट त्रिकोणी तुकडे, फेकायच्या नसतात. त्याच खाली घेराला जोडल्या की वरून कमी झालेली रुंदी खाली मिळते. बाह्या म्हणजे आयत, आणि काखेत एक लहान चौकोन कोनावर उभा करून बसवायचा. हा चौकोन नसेल तर हात वर करताच सगळे वस्त्र ओढले जाते, आणि घामाने कापड आधी विरते तेही तिथेच, म्हणून तेवढाच तुकडा बदलता येतो. आपल्याकडच्या कळीदार झब्ब्याचे बेतणेही याच हिशेबाचे आहे. जुन्या शिंप्याला हा नकाशा दाखवला तर तो फारसे समजावून न घेता मान डोलावतो.

तुकडे जोडताना आधी टीप घालायची, मग एका बाजूचे कापड अर्धे कापून दुसऱ्या बाजूने त्यावर दुमड घ्यायची आणि ती बारीक हेमने बसवायची, म्हणजे एकही कच्ची कड उघडी राहत नाही. दोरा मेणावरून ओढून घेतला तर तो गुंतत नाही. शेवटी गळ्याखाली लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक येतात, कारण धुण्याच्या ढिगातून आपली शिफ्ट ओळखावी लागे. लांब, सरळ शिवणी मशीनवर मारल्या तर कापडाचे काही बिघडणार नाही, हे मी मान्य करते. परंतु एलायस हाउ यांना अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट मिळाले ते १८४६ साली, आणि काखेच्या चौकोनाचा कोपरा तर आजही मशीनच्या पायाखाली नीट बसत नाही.

शिफ्टवर घालायचे स्टेज, म्हणजे ताठ पट्ट्या घातलेली, अंगाला आवळून बसणारी चोळी, हे निराळे प्रकरण आहे. ते प्रामुख्याने पुरुष कारागिरांचे काम होते, कारण जाड थरांतून सुई काढायला हाताला जोर लागतो. त्यात देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या घालत. मी प्लॅस्टिकच्या घालते. दोरी ओवायची धातूच्या कड्यांची भोके १८२८ नंतरची, त्यामुळे त्याआधीच्या स्टेजची भोके टोच्याने पाडून दोऱ्यानेच बांधावी लागतात. मी ते क्वचितच शिवते आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये घालत तर मुळीच नाही. शिफ्ट मात्र उन्हाळ्यात रात्री घालते. लिनन घाम पटकन टिपते आणि पटकन वाळते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच वनस्पतीच्या खोडाचे हे कापड, पण ते स्वस्त मिळत नाही, म्हणून पहिला बेत मांजरपाटावर करावा.

शिकवाल का, असेही काही जणी विचारतात. जरूर या, येताना वीतभर मांजरपाट, बारीक सुई आणि अंगुस्तान आणा. पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट नाही, फक्त काखेचा चौकोन बसवायचा. तो उसवून पुन्हा बसवण्याचा कंटाळा आला नाही, तर पुढचे सगळे सरळ रेघांचे काम आहे.