कापायचंच असेल तर भाषणं कापा

आमच्या फ्रीमेसन लॉजच्या समितीत "तरुण का टिकत नाहीत" हा विषय परवा पुन्हा निघाला. उपायही दर वर्षीचेच निघाले. इन्स्टाग्रामवर पान उघडा. विधी निम्म्यावर आणा, पोरांना एवढं पाठांतर झेपत नाही. वर्गणी कमी करा. मी तिन्हीला नाही म्हटल्यावर एक ज्येष्ठ बंधू वैतागून म्हणाले, "मग तूच लिही की काय करायचं ते." म्हणून लिहितोय. लॉजचं नाव मात्र लिहीत नाही. पुढचं वाचून दोघं-तिघं रागावणार आहेत, आणि ते कोण हे गावाला कळू नये एवढी बंधुता माझ्यात अजून शिल्लक आहे.

ज्यांची फ्रीमेसनरीशी ओळख फक्त यूट्यूबवर झाली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पाथरवटांच्या जुन्या संघटनांचे रिवाज आणि हत्यारं घेऊन उभी राहिलेली ही बंधुसंस्था. पहिला ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, लंडनमध्ये १७१७ साली निघाला असं मानतात, १७३० मध्ये कलकत्त्यात लॉज आला आणि आपला ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ साली स्थापन झाला. लॉज म्हणजे सभासदांचा गट. पायऱ्या तीन: एंटर्ड अ‍ॅप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. म्हणजे शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. लोक आमची गल्लत करतात ती इल्युमिनाटी ही जर्मनीतल्या बव्हेरियात १७७६ साली निघालेली वेगळीच मंडळी होती आणि दहाएक वर्षांत तिथल्या सरकारने तिच्यावर बंदीही घातली. ती जग चालवते असं सांगणारे व्हिडिओ बघून माझ्याकडे आलेल्या एका पोराने पहिला प्रश्न विचारला होता, "सर, कॉन्ट्रॅक्टं मिळतात का?" म्हटलं, वर्गणीची पावती मिळते. तो परत आला नाही.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतात, त्यांचं मशीनिंग करून द्यायचं. दिवसभर हातात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, असतो. लॉजमध्ये मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, गळ्यात तोच गुण्या चांदीचा होऊन लटकतो, त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनकडे पाणसळ असते, ज्युनियर वॉर्डनकडे ओळंबा. मला हे सगळं पहिल्याच दिवशी आपलं वाटलं ते याचमुळे. सुटाबुटातली माणसं आणि अठराव्या शतकातलं इंग्रजी, हे पचायला जरा वेळ लागला.

त्याआधी माझी शाळा म्हणजे मंगळवार पेठेतली तालीम. मी काही मोठा पैलवान झालो नाही, पण तालमीत नवीन पोराचं काय करतात हे मला नीट माहीत आहे. त्याला पहिल्या दिवशी फावडं देतात. हौदातली माती खणायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, आणि वस्ताद म्हणेपर्यंत डाव वगैरे काही विचारायचं नाही. पोरं पळून जातात का? काही जातात. जी राहतात ती म्हातारी झाली तरी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर दिसतात. कारण त्या हौदात त्यांची मेहनत मुरलेली असते, आणि त्यांच्याकडे बघणारा एक माणूस रोज तिथे उभा होता.

आता लॉजमध्ये नव्या सभासदाचं काय होतं ते सांगतो. दीक्षेची रात्र भारी असते. दाराबाहेर टायलर, म्हणजे लॉजचा पहारेकरी, उघडी तलवार घेऊन उभा. आत गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहेब उघडे ठेवलेले, ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. पोराच्या अंगात लग्नाच्या रिसेप्शनचा सूट, जो एरवी कपाटातच असतो. त्या रात्री त्याचे डोळे बघण्यासारखे असतात. मग पुढच्या बैठकीला तो बाजूच्या ओळीत बसतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं. पत्रव्यवहार वाचला जातो. पास्ट मास्टर, म्हणजे माजी प्रमुख, लोकांच्या शुभेच्छा होतात, प्रत्येकाच्या वेगळ्या आणि प्रत्येकाच्या त्याच. वर्षभर त्याला खुर्ची उचलायचंसुद्धा काम नसतं. दुसऱ्या वर्षी त्याचा निरोप येतो, "ऑफिसात जरा लोड आहे." आणि मग समितीत आम्ही म्हणतो, पाठांतर झेपत नाही पोरांना.

पाठांतर दिलंय कुणी त्याला?

इचलकरंजीकडचा एक मुलगा आमच्यात आहे, घरूनच पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. तोही गळायच्या बेतात होता. पहिल्या पायरीवर हत्यारांचा अर्थ सांगणारा एक उतारा असतो: चोवीस इंची मोजपट्टी, हातोडी, छिन्नी. हा उतारा नेहमी एकच ज्येष्ठ म्हणत आलेले. मी हट्टाने तो या पोराला दिला. रोज सहानंतर तो शॉपवर यायचा, मी लेथ बंद करायचो आणि चहा मागवायचो. इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण हे वाक्य असं का आहे हे समजून घ्यायला मराठीच लागली. मोजपट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास: काही प्रार्थनेला, काही कष्टाला आणि विश्रांतीला, काही अडचणीतल्या बांधवासाठी. त्याने खिशातून मोबाईल काढून स्क्रीन टाइम दाखवला आणि म्हणाला, "दादा, माझे इंच इथं चाललेत." मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात लावून दाखवलं. उतारा त्याने बैठकीत न अडखळता म्हटला. ज्यांचा उतारा गेला होता ते ज्येष्ठ जेवताना त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्याचा एक उच्चार दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास गेला नाही. मला तर हे दृश्य सगळ्या इन्स्टाग्रामपेक्षा मोलाचं वाटतं.

विधी लहान करण्याचा उपाय जगात करून झाला आहे. अमेरिकेत १९५९ साली मेसन मंडळींची संख्या ४१ लाखांच्या घरात होती. ती उतरायला लागल्यावर अनेक ठिकाणी एकदिवसीय वर्ग काढले: शनिवारी सकाळी मोठ्या सभागृहात शेकडो उमेदवार बसवायचे, व्यासपीठावर विधी दाखवायचा आणि संध्याकाळी सगळे मास्टर मेसन. आज तिथली संख्या दहा लाखांच्या आत आहे. उतरणीला कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर त्या शनिवारांवर फोडणं बरोबर नाही. पण त्याने उतार थांबला नाही, एवढं तर दिसतंय. उलट तिथेच काही लॉज दुसऱ्या टोकाला गेले: सभासद थोडे घ्यायचे, पायऱ्या सावकाश द्यायच्या, प्रत्येकाला निबंध लिहायला लावायचा, आणि जेवण चांगलं द्यायचं. शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे.

इंग्लंडने २००५ मध्ये विद्यापीठ योजना काढली. विद्यापीठाच्या गावातले ठरावीक लॉज विद्यार्थ्यांसाठी तयार करायचे, बैठकीच्या वेळा त्यांच्या सत्राला जुळवायच्या. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, आणि वयाची अट एकवीस. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाले तेव्हा ते एकवीसचेच होते. तेच पुढे १८९२ मध्ये संन्यासी म्हणून आपल्या कोल्हापुरात येऊन गेले. आमच्या समितीला मात्र पस्तिशीच्या आतला माणूस "अजून स्थिर नाही" वाटतो. स्थिर झालेल्या माणसाला लॉजची काय गरज? तो रोटरीत जाईल, तिथे ओळखीही जास्त होतात.

कोल्हापूरच्या तरुणाला लॉजमध्ये काय मिळतं, हा खरा विचार करायचा मुद्दा आहे. इथे कुणीही भेटला की पहिला प्रश्न, कुठल्या गटाचा? तालीम कुणाची, मंडळ कुणाचं, दूध संघात कुणाकडे, कारखान्यात कुणाकडे. फुटबॉल बघायला शाहू स्टेडियमवर गेलात तरी कुठल्या तालमीच्या बाजूला बसलात यावरून ओळख ठरते. मला हे आवडतं, मी याच गावचा आहे. पण लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर बोलायला बंदी आहे, आणि ती बंदी पाळली जाते. ऐन निवडणुकीत एकमेकांविरुद्ध प्रचार करणारे दोघं जण आमच्या टेबलावर शेजारी बसून रस्सा ओरपताना मी पाहिलेत. एक जैन बंधू, एक मुस्लिम बंधू, एक लिंगायत आणि मी, आमची पंगत ठरलेली. बाहेर चौघं एकत्र आलो असतो की नाही, शंकाच आहे. हे सांगितलं की तरुण पोरं कान टवकारतात. गुप्त खुणांचं त्यांना दोन दिवसच कौतुक असतं.

दान-धर्माबद्दल एक गोष्ट. २०१९ च्या पुरात पंचगंगेने सगळ्यांनाच हिसका दाखवला. शिरोलीजवळ हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. पाणी उतरल्यावर आमच्याकडे नेहमीप्रमाणे चेक देतानाचा फोटो काढायचं ठरत होतं. आमच्यातल्या तरुण दोघांनी वेगळंच काढलं. नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या पंपांच्या मोटारी टेम्पोत घालून उद्यमनगरात आणल्या, चिखल धुतला, बेअरिंग बदलले, रिवाइंडिंगवाल्याला मध्यरात्रीपर्यंत बसवला. पैसे लॉजने दिले, फोटो कुणी काढला नाही. त्या टेम्पोचा मालक पुढे स्वतःहून विचारत आला, आज तो आमचा ज्युनियर डीकन, म्हणजे लॉजचा एक पदाधिकारी, आहे. तोच एक माणूस मी पाहिलाय ज्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी आर्किटेक्चर शिकते. गुण्या-कर्कटकाचं चिन्ह तिने माझ्या बॅगेवर पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, हे तर माझं सामान आहे. मला का घेत नाहीत?" ग्रँड लॉज ऑफ इंडियात फक्त पुरुष. इंग्लंडमध्ये बायकांची स्वतंत्र संस्था १९०८ पासून आहे, आणि अ‍ॅनी बेझंटबाई १९०२ साली स्त्री-पुरुष दोघांनाही घेणाऱ्या शाखेत दाखल झाल्या, ती शाखा त्यांनी हिंदुस्थानातही आणली. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यात नाहीच." नाहीच. वर्षातून एकदा सहकुटुंब जेवण ठेवून हा प्रश्न सुटत नाही, आणि पुढच्या पिढीबद्दल बोलताना तो टाळून पुढे जाणंही मला बरं वाटत नाही.

आता ज्येष्ठांबद्दल. मुंबईत माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना लॉजने नाकारलं तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले, आणि मग १८४३ मध्ये देशी सभासदांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' निघाला. तेव्हा दारच बंद होतं. आज दार उघडं आहे, आत आल्यावर खुर्च्या भरलेल्या. तीच माणसं फिरून फिरून सेक्रेटरी, ट्रेझरर, उताऱ्यांचे मालक. आमच्या आण्णांना मी हे तोंडावर सांगितलंय. आण्णांना सगळा विधी मुखोद्गत आहे, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. म्हणून तर म्हणतो, आण्णा, तुम्ही वस्ताद व्हा, कुस्ती पोरांना खेळू द्या. ते म्हणाले, "पोरगं चुकलं तर?" चुकू दे की. पदग्रहणाच्या रात्री हारतुरे, फेटे, शाल-श्रीफळ आणि मनोगतं यांत दोन तास जातात, साडेदहाला पान वाढतात आणि तोवर पांढऱ्या रश्श्यावर साय धरलेली असते. एखाद्या पोराने उताऱ्यात एक ओळ गाळली तर आकाश कोसळायचं नाही.

तर माझा ठराव असा. बैठक शनिवारी, साडेआठला जेवण म्हणजे साडेआठला. शुभेच्छा एकाच पास्ट मास्टरने सगळ्यांच्या वतीने द्यायच्या. नव्या सभासदाला दीक्षेनंतरच्या पहिल्या बैठकीपासून काहीतरी काम, आणि त्याच्या पाठीशी नावानिशी एक वस्ताद, जो आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत बसेल. सूट नसेल तर पांढरा शर्ट, काळी पँट चालेल. लॉजने चार कोट शिवून ठेवावेत. सेक्रेटरीची खुर्ची तीन वर्षांच्या वर कुणाकडे नको. विधीतला एक शब्दही कापायचा नाही. वर्गणी आहे तीच, पण शिकणाऱ्या मुलाला ती हप्त्याने.

पुढच्या बैठकीत मतदान आहे. खुर्चीच्या मुदतीचा मुद्दा पडेल असं दिसतंय, जेवणाच्या वेळेला मात्र सगळ्यांनी आत्ताच माना डोलावल्यात. ज्यांना आणखी विचारायचंय त्यांनी स्वतः येऊन विचारावं, आम्ही कुणाला "या" म्हणून मागे लागत नाही, ती आमची जुनी रीत आहे. सहानंतर मी शॉपवर असतो.