तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकांच्या रानात दुर्बीण

गणपतीत मंडळात भेटणारे विचारतात, साताऱ्याची मावशी व्हिडिओ कॉलवर विचारते: "अगं, लोक बंदुका घेऊन हिंडतात त्या रानात तू पक्षी बघायला जातेसच कशी? भीती नाही वाटत? आणि त्यांचा राग नाही येत?"

भीतीचं आधी सांगते, ते सोपं आहे. मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. इथे 'स्टेट गेम लँड्स' नावाने राज्याच्या मालकीची सुमारे 15 लाख एकर जमीन आहे. ती सगळ्यांना खुली, पण मुळात शिकारीसाठी राखलेली. 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर हा महिनाभर शिकार न करणाऱ्यांनीही अंगावर किमान 250 चौरस इंच झगझगीत नारिंगी घालायचं, असा नियम आहे. मी सप्टेंबरपासूनच घालते. हरणांना तो रंग नीट कळत नाही, पक्ष्यांना मात्र कळतो. तरी झाडाला टेकून वीस मिनिटं न हलता उभं राहा, चिकडी हा इवलासा पक्षी अगदी हाताच्या अंतरावर येतो. पहाट आणि तिन्हीसांज शिकाऱ्यांची, म्हणून मी नऊनंतर शिरते. पूर्वी रविवार आमचा असायचा, कारण इथे कित्येक पिढ्या रविवारी शिकार बंद होती. 2019 च्या कायद्याने तीन रविवार खुले झाले आणि 2025 मध्ये ती बंदीच उठली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्यालाही तोच एक दिवस मोकळा असतो, हेही खरं.

आता रागाचं. मी शाकाहारी घरातली. सुरुवातीला मलाही वाटायचं, ही माणसं इथे हवीतच कशाला? मग या जमिनीसाठी पैसा कुठून येतो ते वाचलं. ती सांभाळणाऱ्या राज्याच्या गेम कमिशनला सर्वसाधारण करांतून काही मिळत नाही. शिकारीच्या परवान्यांची फी, जमिनीवरच्या लाकडाचं आणि गॅसचं उत्पन्न, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालचा केंद्राचा निधी, यांवर मुख्यतः ते चालतं. त्या कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के कर बसतो आणि तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. दुर्बिणीवर असा कर नाही. नव्वदच्या दशकात तसा प्रस्ताव आला होता, तो बारगळला. म्हणजे मी वर्षानुवर्षं दुसऱ्याने पैसे भरलेल्या रानात फुकट फिरत होते. व्हर्जिनियात शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना नसणाऱ्याला अशा राज्य जमिनींवर जायला वेगळा प्रवेश-परवाना काढावा लागतो. इथेही तसा असावा, मी आनंदाने काढीन.

तोवर मी दरवर्षी पोस्टातून 25 डॉलरचा 'डक स्टॅम्प' घेते, तिकिटासारखा दिसणारा केंद्राचा शिकार-परवाना. 1934 पासून तो निघतो, पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना सक्तीचा आहे, पण कुणालाही घेता येतो. त्यातल्या दर डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा मिळवण्यात आणि राखण्यात जातात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्याच मिडल क्रीक या राखीव रानात या. तळ्यावर स्नो गीज, म्हणजे पांढरे रानहंस उतरतात, काही वर्षी लाखावर. सगळा थवा एकदम उठला की आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानाला. तिथे काही भाग कुणालाच खुला नाही, शिकाऱ्यालाही नाही आणि मलाही नाही. त्या पाटीपाशी आम्ही दोघंही सारखेच थांबतो.

एका नोव्हेंबरात पार्किंगमध्ये एक म्हातारे शिकारी भेटले. ट्रकच्या मागच्या फळीवर ग्रीन-विंग्ड टील या छोट्या रानबदकाचा नर ठेवलेला. माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. अजून कोमट होता. एवढासा, कबुतराहून थोडा मोठा. त्यांनी दोन बोटांनी पंख उलगडला आणि आतली हिरवी पट्टी उन्हात धरली. वळवली की काळी, परत हिरवी. इतकी वर्षं ती मी दुर्बिणीतून पाहत होते आणि खरं तर पाहिलीच नव्हती. घशाशी काहीतरी दाटलं. सलीम अलींचा पक्ष्यांकडचा प्रवासही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू झाला होता, हे तेव्हा आठवलं. जाताना त्या आजोबांनी मला गवताळ माळाकडे बोट दाखवून सांगितलं, "सूर्य बुडताना तिथे घुबडं येतात, आखूड कानांची." ती तिथे आली.

एका गोष्टीवर मात्र मी भांडते, आणि भांडत राहणार. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे 1991 पासून देशभर बंद आहेत, पण इथे हरणासाठी शिशाची गोळी अजून चालते. शिकारी आतडी रानातच टाकून जातो, गरुड ती खातात आणि शिशाने मरतात. तांब्याच्या गोळ्या मिळतात. हे मी त्या आजोबांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "महाग पडतात" म्हणाले, आणि पुढच्या मोसमात भेटले तेव्हा खिशातून तांब्याची एक काढून दाखवली.

माझ्याकडे दोन नारिंगी जॅकेटं जादा आहेत. मावशी इथे आली की एक तिला.