व्हाइट सॉक्सचे फलंदाज नेमके कुठे चुकतात?

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने २०२४ च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावले आणि १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मागे टाकला. या संघाचे चाहते परभणीत आहेत असे सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग कारण विचारतो. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त शिकागोला गेला, हे एवढेच त्याचे कारण. २०२१ साली संघ ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिला आला, तेव्हा त्याने पाठवलेल्या काळ्या टोप्या आम्ही मोठ्या हौसेने डोक्यावर चढवल्या. पुढच्या तीन वर्षांत विजयांचा आकडा ८१, ६१ आणि ४१ असा घसरत गेला, पण टोप्या काही उतरल्या नाहीत.

शिकागोतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे पाचच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे वसमत रोडवरच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर पहिला चहा उकळेपर्यंत नऊपैकी तीनचार इनिंग (डाव) झालेल्या असतात आणि बहुतेक वेळा आमचा संघ मागे पडलेला असतो. तिथे जो वाद रंगतो, तो निकालावर क्वचितच असतो. फलंदाजाने बॅट कशी फिरवावी, हा खरा वादाचा विषय.

एका बाजूला आमचे क्रीडाशिक्षक सर असतात. त्यांनी आयुष्यभर शाळेतल्या मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवला आणि त्यांचे कितीतरी विद्यार्थी राज्यस्तरापर्यंत खेळले. बॅट वरून खाली किंवा फार तर सपाट यावी आणि चेंडू जमिनीला धरून जावा, ही त्यांची शिकवण. दुसऱ्या बाजूला त्यांचाच एक जुना विद्यार्थी असतो. तो आता वीज खात्यात अभियंता आहे आणि मोबाइलवर प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन काढून दाखवतो. "सर, तुम्ही सांगता तसं मारलं तर पोरगं पहिल्या बेसच्या आधीच बाद व्हायलंय," असे तो म्हणतो; बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा. "अरे, पण कामून सगळे आभाळात मारायलेत मग?" असे सर विचारतात.

माझ्या मते दोघेही आपापल्या मैदानापुरते बरोबर आहेत, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, सपाट जमिनीवरून, हात खालून फिरवून, कमरेच्या उंचीवर चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडू बऱ्यापैकी सपाट येतो आणि काही वेळा वरही चढल्यासारखा वाटतो. अशा चेंडूसमोर सपाट बॅट त्याच्या मार्गात अधिक काळ राहते. शिवाय आपल्याकडच्या शालेय मैदानांवर काळी माती आणि मुरूम यांची अशी सरमिसळ असते की जमिनीवरून गेलेला चेंडू कुठे उसळेल याचा क्षेत्ररक्षकालाही भरवसा नसतो. तिथे जमिनीलगत मारणे हा शहाणपणाच होता. बेसबॉलचा पिचर मात्र दहा इंच उंचवट्यावर उभा राहून खांद्याच्या वरून चेंडू टाकतो. हा उंचवटा पूर्वी पंधरा इंचांचा होता, पण १९६८ चा हंगाम पिचरांनी इतका गाजवला की पुढच्याच वर्षी तो कमी करावा लागला. वरून येणारा चेंडू फलंदाजापाशी पोहोचताना खालीच झुकलेला असतो. त्याच्याशी बॅटचा मार्ग जुळवायचा तर बॅट किंचित खालून वर यावी लागते. जुन्या काळचे महान फलंदाज टेड विल्यम्स हे अनेक दशकांपूर्वीपासून सांगत होते, आणि २०१५ पासून स्टॅटकास्ट या मोजणी यंत्रणेने प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजायला सुरुवात केल्यावर त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळाला. मेजर लीग या अव्वल बेसबॉल स्पर्धेच्या गुळगुळीत मैदानावरचे क्षेत्ररक्षक साधा जमिनीवरचा चेंडू सहसा सोडत नाहीत, त्यामुळे जोरात आणि योग्य उंचीने मारलेला फटका तिथे अधिक लाभतो.

एवढे मान्य केल्यावरही व्हाइट सॉक्सचे कोडे सुटत नाही. २०२४ साली या संघाची फलंदाजीची सरासरी ०.२२१ होती (म्हणजे दर हजार संधींत २२१ यशस्वी फटके) आणि १६२ सामन्यांत मिळून त्यांनी ५०७ धावा केल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम तीन. संपूर्ण लीगमध्ये याहून कमी धावा कुणाच्याच नव्हत्या. आमचा अभियंता मित्र त्यावर बॅटचा मार्ग, मागच्या पायावरचा भार, पुढचा पाय टेकताच थांबणारे कंबरेचे फिरणे असे दोष दाखवत राहतो, आणि त्यातले बरेचसे खरेही असतात. पण मला या दोषांआधी एक वेगळी गोष्ट दिसते. ताशी १५० किलोमीटरच्या पुढे टाकलेला चेंडू पिचरच्या हातातून फलंदाजापर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद घेतो, आणि त्यातला मोठा हिस्सा बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या निमिषमात्रात चेंडू कोणता आहे, तो कुठे उतरेल आणि त्यावर बॅट फिरवायची की नाही, हे ठरवावे लागते. ज्याने बाहेर निघून जाणाऱ्या स्लायडरवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, बॅट फिरवली, त्याची कंबर कितीही सुरेख फिरली तरी ती वाया गेली. आमच्या फलंदाजांचा हात अशाच चेंडूंवर वारंवार सुटायचा. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहणाऱ्याला स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची ढब, बिघडलेला दिसतो, पण तो अनेकदा निर्णय उशिरा झाल्यामुळे बिघडलेला असतो.

अँड्र्यू वॉनचे उदाहरण मी या वादात नेहमी पुढे करतो, आणि सरांनाही ते पटते. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या कार्यक्रमात, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला हा पहिल्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू. २०२० चा मायनर लीगचा (खालच्या स्तरावरच्या संघांचा) हंगाम महासाथीमुळे झालाच नाही, तरीही २०२१ च्या सुरुवातीला त्याला थेट मुख्य संघात आणले गेले, आणि तेही लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, जी त्याची जागाच नव्हती. मृगाच्या पहिल्या सरीवर घाईने पेरणी उरकणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला जी दुबार पेरणी येते, तीच या संघाच्या वाट्याला आली, फरक इतकाच की दुसरी पेरणी दुसऱ्याच्या शेतात झाली. २०२५ च्या जूनमध्ये ०.१८९ सरासरीवर असलेल्या वॉनला मिलवॉकी ब्रुअर्सकडे पाठवण्यात आले, आणि तिथे त्याने ६४ सामन्यांत ०.३०८ च्या सरासरीने ९ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले. मनगट तेच, खांदे तेच. काही आठवड्यांत माणसाची शरीररचना बदलत नाही, पण कोणता चेंडू सोडायचा याबद्दलची त्याची खात्री मात्र बदलू शकते.

याच वर्षी आमच्या संघाने एक गोष्ट नीट केली, हेही नोंदवायला हवे. कोल्सन मॉन्टगोमेरी हा तरुण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मुख्य संघाच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए स्तरावर चाचपडत असताना त्याला सामन्यांतून बाहेर काढून अॅरिझोनातल्या सराव केंद्रावर नेण्यात आले आणि फलंदाजी विभागाचे प्रमुख रायन फुलर यांनी त्याच्यावर काम केले. त्या काळात टपरीवर त्याची यथेच्छ चेष्टा झाली होती. चार जुलैला तो मुख्य संघात उतरला आणि उरलेल्या हंगामात ७१ सामन्यांत त्याने २१ होमरन मारले. आम्ही पाहत आलो त्या व्हाइट सॉक्समध्ये, धडपडणाऱ्या मुलाला पुन्हा मैदानात ढकलण्याऐवजी थांबवून शिकवण्याचा संयम मला तेव्हा प्रथम दिसला.

संघाच्या भवितव्याच्या चर्चेत मात्र सर फार काळ रमत नाहीत. १९८१ पासून मालक असलेले जेरी राइन्सडॉर्फ असेपर्यंत काही बदलणार नाही, असे ते एका वाक्यात सांगतात आणि दुसरा चहा मागवतात. गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याशी झालेल्या करारानुसार मालकी हस्तांतराची वाट २०२९ पासूनच उघडते, तेव्हा तोवर आहे त्यातच भागवावे लागेल. ड्राफ्टमध्ये कमकुवत संघांना झुकते माप असते, पण सगळ्यांत वाईट कामगिरी करूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये संघाला दहाव्या क्रमांकावर थांबावे लागले, कारण पहिल्या क्रमांकांसाठीच्या सोडतीत सलग दोन वर्षे भाग घ्यायला नियमाची आडकाठी होती. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आमच्या मंडळींना हा नियम समजावताना माझी दमछाक झाली. २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड आता आमच्याकडे आली आहे, पण निवडलेला मुलगा मुख्य संघात दिसायला वर्षे जातात.

मला अधिक आशा वाटते ती गॅरेट क्रोशे या पिचरच्या बदल्यात बोस्टनकडून आलेल्या खेळाडूंची. त्यातला चेस माइड्रॉथ फार लांब मारत नाही, पण चेंडू पारखतो आणि सहजासहजी स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, होत नाही. कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) काइल टील याचीही नजर चांगली आहे. २०२५ मध्ये ६० विजय मिळाले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा १९ अधिक. हा आकडा कौतुकाचा नसला तरी दिशा सांगणारा आहे.

याच्या नेमक्या उलट टोकाचा खेळाडू म्हणजे मुनेताका मुराकामी. २०२२ साली जपानमध्ये ५६ होमरन मारलेल्या या फलंदाजाला व्हाइट सॉक्सने दोन वर्षांसाठी ३.४ कोटी डॉलरला करारबद्ध केले आहे. ताकद निर्विवाद, पण बॅट हवेत फिरण्याचे प्रमाणही मोठे. अभियंता मित्र त्याच्या बॅटच्या वेगावर खूश आहे आणि सर त्याच्या पायाच्या हालचालीवर नाराज आहेत. मी मात्र एप्रिलमध्ये त्याचे होमरन मोजणार नाही. दोन स्ट्राइक झाल्यावर खाली झुकत बाहेर जाणाऱ्या चेंडूवर त्याची बॅट थांबते की नाही, एवढेच पाहीन. ती थांबू लागली तर हा संघ सत्तर विजयांच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे, आणि तो सांगितल्यावर सरांनी माझ्याशी चहाची पैज लावली आहे.