तुम्ही विचारलंत म्हणून : बालकवी आधुनिक, तर मर्ढेकर कोण?

मराठी घेऊन एम.ए. करणारी जळगाव-धुळ्याकडची मुलं हे हमखास विचारतात, नेट-सेटवाली तर जास्तच. ‘आधुनिक मराठी कविता’ म्हटलं की त्यात केशवसुत, बालकवी, मर्ढेकर सगळेच येतात. मग आधुनिकतावादी नेमकं कोणाला म्हणायचं?

आधी तीन शब्द सुटे करून घ्या. रावेर-यावलच्या केळीला पाटपाण्याऐवजी ठिबक आलं, कंदांच्या जागी टिश्यू कल्चरची रोपं आली, हे आधुनिकीकरण. रूढीला ‘का?’ विचारता येणं, माणसाला त्याच्या जातकुळीपलीकडे व्यक्ती म्हणून मोजणं, ही आधुनिकता. आणि आधुनिकतावाद, ज्याला कुणी आधुनिकवाद, कुणी सरळ मॉडर्निझम म्हणतं, ती कलेतली चळवळ. युरोपात ती ढोबळमानाने १८९० ते १९४० या काळातली. यंत्रं, महानगरं आणि पहिलं महायुद्ध यांनी जगण्याचा अनुभवच बदलला. तो जुन्या घाटात, म्हणजे रचनेच्या साच्यात, मावेना, म्हणून लेखक-चित्रकारांनी घाटच मोडून पाहिला. मराठीत हे वारं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलं आणि नवकविता, नवकथा या नावांनी रुळलं. (धुळ्याकडे ‘पोर्‍या मॉडर्न व्हई गया’ म्हणतात तेव्हा विषय जीन्सचा किंवा केसांचा असतो. ते इथे सोडून देऊ.)

घोळ होतो तो पहिल्यांदा सनावळीत. केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात, आणि ते गेले १९०५ साली. तिथलं ‘आधुनिक’ म्हणजे संतकाव्य, पंडिती काव्य आणि शाहिरीनंतरचं, कवीच्या स्वतःच्या भावनेला मध्यभागी आणणारं. धरणगावात १८९० साली जन्मलेले बालकवी याच अर्थाने आधुनिक आहेत. पण निसर्ग, आनंद, उदासी हे सगळं शब्दांत नीट पकडता येतं, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. हा विश्वास डळमळतो तिथून पुढे आधुनिकतावाद. उलट बाजूनेही बघा. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी छापून आली १९५२ साली, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर पाच वर्षांनी. म्हणून त्या मर्ढेकरांहून अधिक आधुनिकतावादी ठरत नाहीत. त्यांची ओवी जात्याची आणि शेताची, ती त्यांच्या अनुभवाला पुरून उरते, मोडावी लागत नाही. यात कमीपणा काही नाही. आधुनिकतावादी हे वर्णन आहे, पदक नव्हे. पण आपल्याकडे समीक्षकसुद्धा ते पदकासारखं बहाल करतात.

दुसरा घोळ विषयाचा. गिरणी, लोकल, भोंगा आला की लगेच आधुनिकतावाद, असं नसतं. गिरणीवर अगदी जुन्या वळणाचं भावगीतही लिहिता येतं. आणि तिसरा, सर्वांत चिवट, मुक्तछंदाचा : वृत्त सोडलं की आधुनिकतावाद, हा समज. फैजपूरला १९०९ साली जन्मलेल्या मर्ढेकरांनी नवकवितेसाठी अभंग-ओवीची वळणं बिनदिक्कत वापरली. त्यांची गाजलेली ओळ घ्या : ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. मात्रा मोजा. आठ आणि आठ, एकूण सोळा, वृत्त शाबूत. आता गद्यात मांडा : ओल्या पिपात उंदीर मेले. कवीने ‘ओल्या’ हे विशेषण पिपापासून तोडून क्रियापदाच्या पलीकडे, उंदराच्या शेजारी नेऊन टाकलंय. ‘ओल्या उंदिर’ वाचताना व्याकरण क्षणभर अडखळतं, ताल मात्र चालूच राहतो. किळस आणि घोटीव लय यांची ही टक्कर वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. कुठल्याही कवितेवर हेच करून बघा. ओळ गद्यात उतरवा आणि उतरवताना काय हरवलं ते लिहून काढा. फक्त गोडवा हरवला असेल तर शिक्का मारायची घाई नको. अर्थाचा गाभाच निसटला, तर घाट काम करत होता. एवढ्यानेही कविता आधुनिकतावादी ठरत नाही, कारण चांगल्या अभंगाचंही असंच होतं. पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : हा घाट शब्दांवरच्या जुन्या भरवशाला तडा देतोय का?

शब्द लावायचा तो कलाकृतीला, माणसाला शक्यतो नाही. मर्ढेकरांचाच १९३९चा ‘शिशिरागम’ वाचलात तर जुनं भावकवितेचं वळण ठळक दिसेल. १९४२च्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत मात्र संज्ञाप्रवाह आहे, म्हणजे मनात येतील तसे विचार सलग मांडत जाणं. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांच्या बाबतीत तर गंमतच होते. देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून आणि परंपरेतून यावं हा विचार, मांडताना ते उसन्या पाश्चात्त्य नमुन्यांवर तुटून पडतात, आणि त्यांच्या १९६३च्या ‘कोसला’चा विस्कटलेला घाट, मध्येच येणारी रोजनिशी, एकटा पडलेला नायक हे सगळं आधुनिकतावादाच्या चर्चेत हटकून येतं. लेखकाची भूमिका एक, कादंबरीची जात दुसरी. दोन्ही स्वतंत्रपणे लिहा.

इमारतींच्या बाबतीत शब्द जास्त नेमका वापरता येतो, कारण तिथे कारण मोजता येतं. सिमेंट-लोखंडाचा सांगाडा वजन पेलू लागला, भिंती त्या ओझ्यातून सुटल्या. त्यातून वास्तुरचनाकार ल कार्बुझिएची पाच सूत्रं आली : घर उचलून धरणारे खांब, खोल्यांची मोकळी मांडणी, मोकळा दर्शनी भाग, आडव्या लांब खिडक्या, गच्चीवरची बाग. आपलं धाब्याचं घरही सपाट छताचंच, पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायचं. पण ते सपाट आहे लाकूड, माती आणि कमी पावसामुळे, म्हणून नुसत्या सपाटपणावरून निदान करू नका. आणि स्लॅबच्या बंगल्याला पुढे रोमन खांब चिकटवले असतील तर तो नवा आहे, महाग आहे, आधुनिकतावादी नाही. याउलट फैजपूरच्या १९३६च्या काँग्रेस अधिवेशनासाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सजावट उभी केली. शांतिनिकेतनची ही परंपरा भारतीय आधुनिकतावादात मोजली जाते.

एक वेगळा अर्थही ध्यानात ठेवा. कॅथलिक चर्चच्या इतिहासात मॉडर्निझम म्हणजे धर्मग्रंथ आणि सिद्धांत इतिहासाच्या कसोटीवर तपासू पाहणारा विचार, ज्याचा पोप दहावे पायस यांनी १९०७ साली निषेध केला. त्या विषयावरचं पुस्तक हाती आलं तर मर्ढेकरांना तिथे नेऊ नका.